कत्ती वापरली का?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक फ्रीज दुरुस्त केला आणि तोच फ्रीज बिघडवलाही. पहिली गोष्ट शाळेत परत आल्या दिवशीच डॉर्मिटरीत सगळ्यांना सांगून झाली. दुसरी कुणालाच सांगितली नव्हती. अंकाच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं सर म्हणाले तेव्हा मी पहिलीच लिहायला घेतली. दोन पानं झाली आणि ती खोटी वाटू लागली. म्हणून आता दोन्ही लिहितो.

माझे बाबा हवाई दलात तंत्रज्ञ आहेत. त्यांची बदली तंजावूरला झाली. हवाई दलाचा तळ पुदुक्कोट्टैच्या रस्त्यावर आहे, पण क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही शहरात एका जुन्या घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. वरच्या मजल्यावर घरमालक राहत. निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या आसपास. गल्लीत त्यांना सगळे ‘रायर’ म्हणत, मी रायर आजोबा म्हणू लागलो. त्यांचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या वंशजांच्या काळात इथे आले. घरात आजही मराठी बोलतात, पण चाल तमिळ. पहिले दोन दिवस मला त्यांचं बोलणं अर्धंच कळायचं. बृहदीश्वराच्या देवळात त्यांनी मला भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास दाखवला. सरफोजीराजांनी १८०३ साली तो मराठीत कोरून घेतला आहे. एवढ्या दूरच्या देवळात देवनागरी अक्षरं ओळीमागून ओळी चाललेली पाहून मी तिथेच थबकलो.

आता फ्रीजकडे येतो. फौजी घरांमध्ये एक रिवाज असतो. बदली झाली की जड सामान विकायचं आणि नव्या गावी जुनंच काहीतरी घ्यायचं. आम्हीही फ्रीज विकून आलो होतो. पण त्याच वेळी मिरजेहून आजी आली, तिच्यासोबत थर्मासमध्ये बर्फात ठेवलेल्या इन्सुलिनच्या चार कुप्या आल्या. तिला सकाळी अठरा युनिट आणि रात्री दहा युनिट लागतात. न उघडलेली कुपी दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. गोठली तरी वाया, तापली तरी वाया. आणि तंजावूरात तेव्हा ‘कत्तिरी वेयिल’ चालू होतं. मेच्या पहिल्या आठवड्यापासून जवळपास महिनाअखेरीपर्यंत चालणाऱ्या कडक उन्हाला तमिळ लोक असं म्हणतात. दुपारी घरातली फरशीसुद्धा कोमट लागायची.

एका जुन्या सामानाच्या दुकानातून बाबांनी साडेचार हजारांना फ्रीज घेतला. एका दरवाजाचा, १९० लिटरचा. दुकानात दार उघडल्यावर आतला दिवा लागला, तेवढ्यावर आम्ही समाधान मानलं. ही आमची पहिली चूक. दिवा लागतो याचा अर्थ दिव्यापर्यंत वीज पोहोचते, एवढाच.

टेम्पोत तो आडवा घालून आणला होता. बाबांनी घरात आणून उभा केला आणि रात्रभर लावूच दिला नाही. फ्रीज आडवा झाला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं, ते खाली उतरायला वेळ द्यावा लागतो. सकाळी चालू केला. दुपारपर्यंत आतल्या भांड्यातलं पाणी होतं तसंच. आई म्हणाली, “फसवलं त्या माणसानं.” बाबा म्हणाले, “आधी बघू तरी, काय म्हणतोय ते.” मला त्यांनी एक वही दिली आणि फ्रीजच्या मागे बसवलं. ऐकायचं आणि घड्याळ बघून लिहायचं.

माझ्या वहीत असं आहे: ‘टक् असा आवाज. मग घूं घूं, दहा-बारा सेकंद. पुन्हा टक्. मग चार मिनिटं शांत. पुन्हा तेच.’ अर्धा तास हेच चाललं होतं. बाबांनी पान वाचलं आणि म्हणाले, “निम्मं काम झालं.”

फ्रीज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तो तापतो. मागच्या काळ्या जाळीत त्याची उष्णता निघून जाते आणि त्याचा द्रव होतो. मग केसासारख्या बारीक नळीतून तो फ्रीझरच्या नळ्यांत सुटतो. तिथे दाब एकदम कमी होतो, द्रव उकळतो आणि उकळताना आतली उष्णता ओढून घेतो. आमच्या फ्रीजमध्ये आर-१३४ए नावाचा गॅस होता. मोकळ्या हवेत तो उणे २६ अंशांनाच उकळतो. ही सगळी फेरी कॉम्प्रेसर चालला तरच सुरू होणार, आणि आमचा कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करून पुन्हा बसत होता. ‘टक्’ हा आवाज ओव्हरलोडचा. कॉम्प्रेसर अडकला की विजेचा प्रवाह वाढतो, ओव्हरलोडमधली पत्री तापून वाकते आणि वीज तोडते. थंड झाली की पुन्हा जोडते.

न उठण्याची कारणं तीन. व्होल्टेज कमी, सुरुवातीचा धक्का देणारा रिले खराब किंवा कॉम्प्रेसरच गेलेला. बाबांचा नियम असा की सोपं आणि स्वस्त आधी तपासायचं, महाग शेवटी. मल्टिमीटरवर सॉकेटमध्ये २२५ व्होल्ट आले, फ्रीज उठायचा प्रयत्न करत असतानाही फारसे उतरले नाहीत. पहिलं कारण खोडलं. मग प्लग काढून, भिंतीपासून दूर ठेवून, कॉम्प्रेसरच्या बाजूचं झाकण उघडलं. आतला रिले म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान काळी डबी. तिच्यातली एक वडी क्षणभर जादा प्रवाह जाऊ देते आणि तापली की जवळजवळ बंद करते. बाबांनी ती काढून माझ्या कानाशी हलवली. आत खुळखुळ वाजलं. वडीचे तुकडे झाले होते.

“आता कॉम्प्रेसर बघायचा का नाही?” बाबांनी विचारलं. मी म्हणालो, “कशाला? दोष सापडला की.” ते म्हणाले, “एक सापडला. दुसरा नाही, हे कुठे सिद्ध झालं?” मग त्यांनी माझ्याकडून कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधला रोध मोजून घेतला. १२, २२ आणि ३४ ओहम. दोन लहान आकड्यांची बेरीज मोठ्याइतकी आली, म्हणजे आतल्या दोन्ही गुंडाळ्या शाबूत. कुठल्याही पिनेपासून बाहेरच्या लोखंडापर्यंत काहीच दाखवत नव्हतं, म्हणजे शॉक बसण्याचीही भीती नाही. त्याच मापाचा नवीन रिले आणून लावला. प्लग घातला. घूं झालं आणि ‘टक्’ आलंच नाही. मागची जाळी हळूहळू गरम झाली, फ्रीझरवर चारी बाजूंनी सारखा पांढरा थर धरला. दुसऱ्या सकाळी मधल्या कप्प्यातल्या ग्लासातलं पाणी पाच अंशांवर होतं. आजीच्या कुप्या तिथेच ठेवल्या. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, “नातवानं केला हो.” डॉर्मिटरीत सांगितलेली गोष्ट इथे संपत होती.

दोन आठवड्यांनी बाबा दहा दिवसांच्या ड्युटीवर बाहेरगावी गेले. फ्रीझरमध्ये दोन बोटं बर्फ जमला होता. अशा फ्रीजमध्ये थर्मोस्टॅटच्या मधलं बटण दाबलं की बर्फ आपोआप वितळतो, फक्त काही तास थांबावं लागतं. मला कुल्फीचे साचे ठेवायचे होते आणि बर्फाचा ट्रे तळाला चिकटून बसला होता. थांबायचं नव्हतं. रात्री सगळे निजल्यावर मी स्क्रूड्रायव्हर ट्रेखाली घातला आणि उचकटला.

सायकलच्या वॉल्व्हवर बोट दाबल्यासारखा आवाज आला. फुस्स. बोटांवर गार फवारा आला आणि तेलाचा एक बारीकसा ठिपका.

काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. दोन आठवड्यांपूर्वीच तर बाबांनी समजावलं होतं, गॅस कुठून कुठे जातो ते. मी तेल शर्टाला पुसलं, दार लावलं आणि जाऊन पडलो. कॉम्प्रेसर रात्रभर थांबला नाही. आतली थंडी कमी होतेय म्हणून थर्मोस्टॅट त्याला चालवत होता आणि त्याच्याकडे दाबायला काही उरलं नव्हतं. मी तो आवाज ऐकत पडून होतो. कुप्या आत होत्या. उठून त्या मडक्याजवळ ओल्या फडक्यात ठेवता आल्या असत्या, पण मग सकाळी आईनं विचारलं असतं, ‘बाहेर का काढल्यास?’ म्हणून मी त्या आतच राहू दिल्या. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त लाज याची वाटते. भोक घाईत पडलं होतं, कुप्या मात्र मी विचार करून आत ठेवल्या.

सकाळी दहाच्या सुमारास आईला दूध नासलेलं दिसलं. कुप्या हाताला कोमट लागत होत्या. तिनं त्या घेऊन धावत वर जाऊन रायर आजोबांच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “घाबरू नका, पण आता या बाहेर राहिलेल्या धरा. आजची तारीख घाला. चार आठवड्यांत संपतील तेवढ्या वापरा, उरलेल्या टाकून द्या.” आईनं वहीत हिशोब केला. एका कुपीत ४०० युनिट, रोजचे २८, चार आठवड्यांचे ७८४. म्हणजे दोन कुप्या कामाच्या, दोन वाया. माझ्याच वहीत, माझ्या नोंदींच्या खाली तो हिशोब होता.

दुपारी मेकॅनिक आले. चाळिशीचे गृहस्थ, आम्ही त्यांना अण्णे म्हणत होतो. आईला तमिळ येत नाही, अण्णेंना हिंदी येत नाही, म्हणून रायर आजोबा खुर्ची घेऊन मध्ये बसले. अण्णेंनी आधी मागच्या जाळीला हात लावला. गार. कॉम्प्रेसरला लावला. तापलेला. “गॅस इल्ले,” ते म्हणाले. गॅस नाही. मग फ्रीझरकडे बघत त्यांनी एक प्रश्न विचारला, त्यात ‘कत्ती’ हा शब्द होता. तमिळमध्ये कत्ती म्हणजे सुरी. आपल्याकडेही नारळ फोडायला कत्ती असतेच. आजोबांनी मराठीत सांगण्याआधीच मला प्रश्न कळला होता.

“बाळ, बर्फ काढायला कुणी कत्ती वापरली का, विचारतात.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “नाही.”

माझं खोटं त्या ऐंशी वर्षांच्या शिक्षकानं नीट, आदरार्थी तमिळमध्ये अण्णेंना सांगितलं. अण्णेंनी मान हलवली आणि फ्रीझर सोडून दिला. आता गळती बाहेरच असणार, असं धरून ते कामाला लागले. नळीला वॉल्व्ह जोडून नायट्रोजन भरला. प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं. ड्रायरचे सांधे, कॉम्प्रेसरच्या नळ्या, जाळीचा प्रत्येक वळसा. खोलीत पंखा होता, पण फेस वाळू नये म्हणून तो त्यांनी बंद करायला लावला. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. दीड-दोन तास हे चाललं. काटा हळूहळू उतरत होता आणि बुडबुडा कुठेच येत नव्हता.

आईनं ताक केलं. ताक पिता पिता रायर आजोबांनी सरफोजीराजांचा विषय काढला. राजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांना वैद्यकाचा फार नाद. त्यांच्या काळात डोळ्यांवर उपचार झालेल्या रुग्णांच्या नोंदी आणि त्या डोळ्यांची रंगीत चित्रं सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. रोग्यानं काय सांगितलं, डोळ्यात काय दिसलं, पुढे काय केलं, हे सगळं त्यात आहे. “दोनशे वर्षं झाली,” आजोबा म्हणाले. “वैद्य गेले, रोगीही गेले. लिहिलेलं राहिलं.” ते सहज बोलत होते. मला मात्र टेबलावर पडलेली माझी वही दिसत होती.

शेवटी अण्णेंनी निदान सांगितलं. फ्रीजच्या भिंतीत, फोमच्या आत दडलेल्या नळीत गळती असावी. ती उघडता येत नाही. आतली नळी तोडून बाहेरून नवी जाळी बसवता येईल, पण खर्च मोठा आणि खात्री नाही. जुना फ्रीज आहे, भंगारात द्यावा हे बरं. आई म्हणाली, उद्या त्या दुकानदाराला जाऊन जाब विचारते, त्यानं गळका माल गळ्यात मारला.

निदानात कुठेच चूक नव्हती. अण्णेंच्या प्रत्येक पायरीनंतर पुढची पायरी बरोबरच होती. फक्त पहिल्या पायरीखाली मी ठेवलेलं ‘नाही’ होतं. त्या एका शब्दावर उभं राहून चांगला फ्रीज भंगारात निघाला होता आणि दुकानदार चोर ठरला होता.

तेव्हाही मी बोललो नाही. आई पैसे द्यायला गेली तेव्हा अण्णेंनी हात जोडले. दोष सापडला नाही, मग पैसे कसले, असं म्हणत होते. मग आजीकडे वळून काहीतरी बोलले. आजोबांनी सांगितलं, “तुमच्या औषधाचं नुकसान झालं, मला काही करता आलं नाही, माफ करा म्हणतात.”

तो माणूस माझ्या आजीची माफी मागत होता.

मी म्हणालो, “मी स्क्रूड्रायव्हर लावला होता. काल रात्री.”

आजोबांनी लगेच भाषांतर केलं नाही. करायची गरजही नव्हती, स्क्रूड्रायव्हर हा शब्द अण्णेंना कळला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवी पुन्हा उघडली, टॉर्च माझ्या हातात दिला. “कुठे?” एवढं त्यांनी खुणेनं विचारलं. मी जागा दाखवली. त्यांनी फेस लावला. सुईच्या टोकाएवढ्या भोकावर एक बुडबुडा आला, वाढत गेला आणि फुटला. दोन मिनिटं लागली.

भोक घासून स्वच्छ केलं आणि अ‍ॅल्युमिनियमला चालणारा दोन नळ्यांचा एपॉक्सी लावून रात्रभर सुकू दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाब देऊन पाहिला, काटा हलला नाही. मग नवा ड्रायर बसवला, पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढली आणि मागच्या पट्टीवर लिहिला होता तेवढाच गॅस वजन करून भरला. संध्याकाळी फ्रीझरवर थर धरला. निघताना अण्णे काहीतरी म्हणाले. आजोबांनी मला सांगितलं, “काल दुपारीच सांगितलं असतंस तर काल रात्रीच गार झाला असता, म्हणतात.” त्यात राग नव्हता. त्यामुळे जास्त लागलं.

आई माझ्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलली. बाबांना मी स्वतः फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी त्यांच्या कामातली एक गोष्ट सांगितली. विमानावर काम झालं की प्रत्येक हत्यार मोजून परत ठेवतात. एक पाना कमी निघाला तर तो सापडेपर्यंत ते विमान उडत नाही. “पाना विसरणारा माणूस चालतो,” बाबा म्हणाले. “तो कुणीही असू शकतो, मीही. विसरलो हे न सांगणारा चालत नाही.” आणि शेवटी, “वहीत लिहिलंस का?”

मी लिहिलं नव्हतं. फोन ठेवून लिहिलं: ‘२१ मे, रात्री पावणेअकरा. फ्रीझरला भोक. कारण: बर्फ उचकटताना स्क्रूड्रायव्हर लागला. लावणारा: मी. सांगितलं: २२ मे, सायंकाळी पाच. मधल्या वेळेत खोटं बोललो.’

जुना फ्रीज घेणार असाल तर माझ्या वहीतून एवढं घ्या. दिव्यावर विश्वास ठेवू नका. दुकानात तासभर चालवून बघा, मागची जाळी गरम होते का आणि फ्रीझरवर सारखा थर येतो का ते पाहा. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज सरकत बाहेर आला तर रबर ढिलं आहे. फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवू नका. आणि बर्फाला लोखंड लावू नका, थांबा.

आजी मला काहीच बोलली नाही. तिला हल्ली सिरिंजवरच्या बारीक रेघा दिसत नाहीत, त्यामुळे औषध रोज आई भरून द्यायची. फ्रीज सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं मला हाक मारली. कुपी आणि सिरिंज माझ्या हातात दिली. मी अठराच्या रेघेपर्यंत औषध ओढलं.

“किती झालं?” तिनं विचारलं.

“अठरा.”

“बघ हं नीट. मला दिसत नाही.”

मी पुन्हा उजेडाकडे धरून पाहिलं. अठराच होतं. सुट्टी संपेपर्यंत ते काम माझ्याकडेच राहिलं.

(एक कॅडेट, इयत्ता अकरावी)